झिजण्याचे पुण्य

आपल्याकडे एखाद्या माणसाची थोरवी सांगायची वेळ आली, की चंदनाची आठवण हटकून होते. शिक्षक निवृत्त होवोत, गावचा जुना कार्यकर्ता जावो, की चार पिढ्यांचे करून थकलेली एखादी आजी जावो. बोलायला उठलेला गृहस्थ दुसऱ्या-तिसऱ्या वाक्यालाच 'चंदनासारखे झिजले' असे म्हणतो आणि ऐकणाऱ्यांच्या माना हलतात. झिजणे हे पुण्य आहे, हे आपण इतक्या लहान वयात शिकलेले असतो, की ते तपासून पाहावे असे पुढे कुणाला वाटत नाही. वास्तविक चंदनाच्या त्या चित्रात नुसते खोड नसते. खाली सहाण असते, वर उगाळणारा हात असतो, आणि गंध लावून घ्यायला पुढे आलेले एक कपाळही असते. स्तुती मात्र एकट्या खोडाची होते. आणि ती बहुतेक वेळा ते कपाळच करत असते.

म्हणून प्रश्न असा, की झिजणे हा खरोखरच सद्गुण आहे काय? का ती नुसती घडणारी एक गोष्ट आहे, आणि तिचे चांगलेवाईट ठरते ते आजूबाजूच्यांच्या वागण्यावरून? हा प्रश्न मला एखाद्या ग्रंथात भेटला असता तर ग्रंथाबरोबर तोही कपाटात गेला असता. तो भेटला एका जुन्या ट्रॅक्टरच्या पुढच्या एक्सलखाली, गोंदिया जिल्ह्यात. वाचकांना ही जागा तत्त्वचिंतनाला थोडी अडचणीची वाटेल. परंतु जमिनीवर उताणे पडून वर पाहिले, की पुष्कळ गोष्टींची खालची बाजू दिसते, हाही एक लाभच आहे.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झाला. पण धान आणि तलाव ही त्या मुलखाची ओळख त्याहून फार जुनी. कोहळी मंडळींनी पूर्वी बांधलेले तलाव, त्यांच्या मातीच्या पाळी, पाळीखाली उतरत गेलेल्या लहान लहान बांध्या, आणि पावसाळ्यात त्या बांध्यांत गुडघाभर चिखल. तिथे धान नुसते पेरून भागत नाही. आधी पऱ्हे टाकायचे, मग बांधीत पाणी साठवून तिचा चिखल करायचा, आणि त्या चिखलात एकेक रोप हाताने लावायचे. या लावणीला तिकडे रोवणी म्हणतात. चिखलणीचे काम पूर्वी बैलजोड्या करीत. आता बहुतेक ठिकाणी ते ट्रॅक्टर करतो. १९५९ साली फरिदाबादच्या कारखान्यातून आयशरचा ट्रॅक्टर बाहेर पडला, १९६३ मध्ये महिंद्र आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून ट्रॅक्टरची कंपनी काढली, आणि पुढे हे यंत्र शहराच्या वाटेवरून खेड्याच्या वाटेवर आणि तिथून बांधीत उतरले. त्या जुन्या पिढीतले काही ट्रॅक्टर अजून चालतात. रंग उडालेला, नाव पुसलेले, पण इंजिन हाकेला ओ देणारे.

ट्रॅक्टर पाहताना सगळ्यांचे लक्ष मागच्या मोठ्या चाकांकडे जाते. ओढण्याचे काम तीच करतात. पुढची चाके लहान; जुन्या ट्रॅक्टरात ती ओढत काहीच नाहीत. पण यंत्राच्या वजनाचा सुमारे तिसरा हिस्सा, कधी त्याहून अधिक, त्यांच्यावर असतो. आणि कुठे जायचे ते तीच ठरवतात. या दोन चाकांना जोडणारी जी आडवी लोखंडी तुळई, तिला एक्सल म्हणायचे. ती मधोमध एका जाड पिनेवर तराजूच्या दांडीसारखी झुलत असते, म्हणून एक चाक खड्ड्यात आणि दुसरे धुऱ्यावर चढले तरी चारही चाके जमीन सोडत नाहीत. एक्सलच्या दोन्ही टोकांना एकेक उभी पिन असते. तिला किंगपिन म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की चाक वळते ते या पिनेवर. आता ही पोलादी पिन एक्सलच्या लोखंडात उघडी बसवत नाहीत. दोहोंच्या मध्ये मऊ धातूची एक नळी बसवतात. तिचे नाव बुश. दिसायला बांगडीहून थोडी उंच, किमतीला सगळ्या यंत्रात जवळजवळ शेवटची. या लेखात मला जे सांगायचे आहे ते या बुशविषयी.

माझे एक स्नेही आमगावच्या बाजूला एका खेड्यात राहतात. दोन भावांचे एकत्र घर. थोरले शेती पाहतात, धाकटे बाहेरगावी नोकरीला असतात आणि सणासुदीला येतात. दिवाळीच्या चार दिवस आधी मी तिथे गेलो होतो. हलके धान कापून झाले होते, भारी धान उभे होते. आदल्या दिवशी धाकट्यांनी हौसेने ट्रॅक्टर तलावाच्या पाळीवरून नेला आणि घामाघूम होऊन उतरले. चाके आपल्या मनाने चालतात, असे त्यांचे म्हणणे. थोरल्यांना हसू आले. गेली तीस वर्षे ते तोच ट्रॅक्टर त्याच पाळीवरून नेत होते. त्यांना कधी काही जाणवले नव्हते. शेवटी तालुक्याहून मिस्त्री बोलावला.

मिस्त्री आला आणि त्याने पहिले काम कोणते केले असेल, तर घासलेट आणि चिंधी घेऊन पुढच्या एक्सलचे सगळे सांधे पुसून काढले. थोरले म्हणाले, "अहो, कालच ग्रीस भरलं मी. आता तर आवाजही नाही येत."

"म्हणूनच पुसून राहिलो जी," मिस्त्री म्हणाला. "जाड ग्रीस भरलं का खडखड दोन दिवस झोपते. मरत नाही."

मग त्याने मागच्या चाकांना दगड लावले, एक्सलखाली जॅक देऊन पुढची चाके उचलली, आणि जॅकवर भरवसा न ठेवता खाली लाकडाचे ओंडके सरकवले. चाक वर आणि खाली दोन हातांनी धरून आतबाहेर हलवले. टक् असा आवाज झाला. पण एवढ्याने तो थांबला नाही. खेळ चाकाच्या हबमधल्या बेअरिंगात आहे की पिनेत, हे वेगळे करायला हवे होते. त्याने हबचा नट कसून पाहिला, धाकट्यांना चाक हलवायला सांगितले, आणि पिन जिथे एक्सलमध्ये शिरते त्या फटीवर आपले बोट ठेवले. डोळ्याला दिसत नाही ते बोटाला कळते. नंतर चाक डावी-उजवीकडून धरून हलवले. त्यात टाय रॉडच्या टोकांची परीक्षा झाली. मग जॅक एक्सलखालून काढून पुढच्या फ्रेमखाली दिला, एक्सल मोकळा लोंबू दिला, आणि पहारीने उचलून मधली पिन पाहिली. शेवटी चाके जमिनीवर टेकवून थोरल्यांना स्टिअरिंग हळूहळू इकडेतिकडे करायला लावले आणि स्वतः खाली बसून राहिला. स्टिअरिंग हलते आणि चाक उशिरा हलते. तो मधला उशीर कुठे हरवतो, हे पाहायचे होते.

उशीर सापडला. उजवीकडची पिन बाहेर काढली, तेव्हा तिची एक बाजू चांदीसारखी गुळगुळीत झाली होती, आणि दुसऱ्या बाजूवर कारखान्यातल्या लेथच्या रेघा अजून शाबूत होत्या. भार नेहमी एकाच अंगाने येतो, म्हणून पिन गोल राहत नाही, लंबगोल होते. मिस्त्रीने मायक्रोमीटर लावून ती आधी एका दिशेने मोजली आणि मग काटकोनात फिरवून दुसऱ्या दिशेने. बुश तर एका बाजूला कागदासारखा पातळ झाला होता. आतले ग्रीस काळे आणि रवाळ होते. चिखलणीत पुढची चाके हबपर्यंत बुडतात, आणि बांधीतला बारीक गाळ सांध्यात शिरतो. वंगणात असा गाळ मिसळला की ते वंगण राहत नाही. त्याचीच सहाण होते. त्या सहाणेवर पिन आणि बुश किती हंगाम उगाळले गेले असतील, कोण जाणे.

थोरले जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धान घरी आणू द्या. दिवाळी झाल्यावर पाहू. तोवर चालेल ना?"

मिस्त्री हात पुसत म्हणाला, "चालेल का नाही ते मला नाही सांगता येत, भाऊ. ट्रॉलीत कोण बसणार आहे ते सांगा."

ट्रॉलीत धान बसणार होते, धानावर मजूर बसणार होते, बाजाराच्या दिवशी मुलेही बसत. आणि पाळीच्या एका अंगाला तलावाचे पाणी होते. त्याच संध्याकाळी गोंदियाहून नवी पिन आणि नवा बुश आला. बुशची किंमत दिवाळीसाठी आणलेल्या मिठाईहून कमी होती.

हे सगळे चालले असताना थोरल्या वहिनींनी तीनदा चहा आणला. ओसरीवरून अंगणात उतरायला दोन पायऱ्या होत्या. वहिनी खांबाला धरून, आडव्या होऊन, नेहमी एकच पाय आधी खाली टाकून उतरत होत्या. तिसऱ्या वेळी धाकट्या जाऊबाईंनी त्यांच्या हातातून ताट घेतले आणि म्हणाल्या, "रोवणीपासून गुडघा दुखते वैनींचा. पण सांगतील तर ना." त्यावर वहिनीच हसून म्हणाल्या, "दिवाळी झाल्यावर दाखवू." या उत्तराला अंगणातून कुणी हरकत घेतली नाही. त्या वेळी आम्ही चारही पुरुष पिनेची एका बाजूची झीज इंचाच्या हजाराव्या भागात मोजत होतो.

या एका दुपारीवर सिद्धान्त उभारावा असे माझे म्हणणे नाही. पण बुशच्या रचनेत जो विचार आहे, तो नीट पाहण्यासारखा आहे. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासले की झीज होणार, हे यंत्रकारांनी केव्हाच मान्य केले. ती टाळता येत नाही, तेव्हा ती कुठे व्हावी हे आपण ठरवू, असे ते म्हणाले. १८३९ साली अमेरिकेत आयझॅक बॅबिट नावाच्या कारागिराने कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा एक मऊ मिश्रधातू बेअरिंगच्या अस्तरासाठी काढला, तो पुढे त्याच्याच नावाने जगभर वापरला गेला. मऊ धातू पोलादाशी झगडत नाही. बारीक कण आला तर तो स्वतःत रुतवून घेतो आणि दांड्याला ओरखडा पडू देत नाही. महाग आणि बदलायला कठीण असा भाग वाचावा, म्हणून स्वस्त आणि मऊ भागाने झिजावे, असा हा करार आहे.

घरातही असा एक करार असतो. तो कुणी लिहिलेला नसतो. चार माणसे एकत्र राहिली की घासाघीस होणारच. ती कुणी सोसायची हे हळूहळू ठरत जाते. जो कठीण असतो त्याच्या वाट्याला कुणी जात नाही. जो मऊ असतो त्याला आपण 'समजूतदार' असे गोड नाव देतो, आणि एकदा हे नाव पडले की प्रत्येक कण त्याच्यातच रुतू लागतो. थोरल्या भावाने शिक्षण सोडायचे, कारण तो समजूतदार. बहिणीने आजारी आईजवळ थांबायचे, कारण ती समजूतदार. सुनेने ऐकून घ्यायचे, कारण तिच्याइतकी समजूतदार सून लाखात नाही.

आता यंत्रकाराने बुशला झिजायला लावले, त्यात अन्याय आहे काय? मला वाटते, नाही. कारण त्याने त्याबरोबर तीन गोष्टी स्वतःवर बांधून घेतल्या. पहिली, त्याने बुशपर्यंत ग्रीस पोचेल अशी वाट ठेवली. एक्सलच्या टोकाला जे लहानसे निप्पल असते, ते याचसाठी. दुसरी, त्याने पुस्तकात लिहून ठेवले, की इतक्या तासांच्या कामानंतर हा सांधा पाहावा. बुश ओरडेपर्यंत थांबा, असे तो म्हणाला नाही. तिसरी, बुश झिजून संपला तर तो काढता येईल आणि भार नव्यावर देता येईल, अशी सोय त्याने केली. वंगण, तपासणी आणि बदली. या तिन्ही गोष्टी केल्या तरच कुणाला झिजायला लावण्याचा अधिकार पोचतो. नुसता मऊ भाग शोधून त्याच्यावर भार टाकणे, ही रचना नव्हे. तो दुबळा पाहून केलेला व्यवहार आहे.

माणसांच्या बाबतीत तिसऱ्या गोष्टीपाशी ही उपमा सोडून द्यावी लागते. झिजलेला बुश मिस्त्री कोपऱ्यात टाकतो. झिजलेल्या माणसाला असे टाकता येत नाही, आणि टाकणाऱ्यांची गणना आपण माणसांत करत नाही. तिथे बदलीच्या जागी पाळी येते. काल तू उचललेस, आज मी उचलतो. पाळी लागली की तोच भार अर्धा होतो. परंतु उरलेल्या दोन गोष्टी, वंगण आणि तपासणी, माणसांना जशाच्या तशा लागू पडतात. आणि समजूतदार माणसाच्या वाट्याला नेमक्या त्याच येत नाहीत.

या ठिकाणी मला कैकेयीची आठवण होते. वाल्मीकींच्या रामायणात तिने जखमी दशरथाला रणांगणातून सुखरूप बाहेर काढले, एवढेच आहे. पुढच्या कथाकारांनी त्यात रंग भरला. रथाच्या आसाची कुणी निसटली, चाक गळून पडणार, तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला आणि युद्ध संपेपर्यंत तो काढला नाही, असे कीर्तनातून आपण ऐकत आलो. एका अर्थाने ती रथाची पिनच झाली. राजाला हे कळले तेव्हा तो भारावला आणि त्याने दोन वर दिले. या गोष्टीकडे आपण नेहमी वरांच्या बाजूने पाहतो. मी एकदा आसाच्या बाजूने पाहिले. वर म्हणजे नंतर केव्हातरी फेडायची उधारी. त्या हाताला तेव्हा औषध लावले की नाही, रथाला नवी कुणी घातली की नाही, याबद्दल कथा गप्प आहे. झीज झाली त्या वेळी जे द्यायचे ते न देता कृतज्ञतेची चिठ्ठी लिहून दिली, म्हणजे ती चिठ्ठी पुढे कुठल्या दिवशी आणि कुठल्या भावाने वटेल, हे राजालाही सांगता येत नाही. अयोध्येत ती ऐन अभिषेकाच्या आदल्या दिवशी वटली.

यावर कुणी म्हणेल, की तुम्ही प्रेमाचा हिशेब मांडता आहात. आई मुलासाठी झिजते ती काय वंगणाची वाट पाहून? हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला टाळून पुढे जाता येणार नाही. झिजण्यात फरक असतो. नांगराचा फाळ जमिनीत झिजतो, पण त्याच्या झिजण्यातून तास पडतो. खडू झिजतो, अक्षर उमटते. चंदनाचे खोड झिजते आणि वाटीत गंध जमा होते. या झिजण्यातून काहीतरी तयार होते, आणि झिजणाऱ्याला ते समोर दिसते. मुलासाठी जागलेल्या रात्री आईला जड वाटत नाहीत, कारण त्या मुलात उतरलेल्या असतात. असे झिजणे हे खरोखर पुण्य आहे. तिथे हिशेब मांडणारा करंटाच म्हणावा लागेल.

परंतु गाळ भरलेल्या सांध्यात बुश झिजतो तेव्हा काय तयार होते? काही नाही. सांध्यातून थोडी काळी ओल बाहेर येते आणि यंत्र थोडे अधिक ढिले होते. मूठभर ग्रीस वेळेवर मिळाले असते, तर तेच काम त्याने किती तरी हंगाम अधिक केले असते. घरातल्या आणि समाजातल्या झिजेपैकी किती झीज चंदनाची आणि किती बुशची, हा विचारण्यासारखा प्रश्न आहे. दुखणारा गुडघा घेऊन तीनदा पायऱ्या उतरण्याने चहाला अधिक चव येत नाही. शाळेतल्या चांगल्या शिक्षकाला कारकुनी कामात संपवल्याने मुले अधिक शिकत नाहीत. ही निव्वळ घासणी आहे. आपण मात्र दोन्हींना चंदन हे एकच नाव देतो, आणि त्या सुगंधी नावामुळे टाळता येण्याजोगी झीज टाळायची राहून जाते.

इंग्लंडात १९६६ साली पीटर जॉस्ट यांच्या समितीने घर्षण, झीज आणि वंगण यांच्यावर सरकारला एक अहवाल दिला. या शास्त्राला धड नाव नव्हते, म्हणून घासणे या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून 'ट्रायबॉलॉजी' असे नावही तेव्हाच बनवले गेले. वंगण आणि झीज यांच्याकडे नीट लक्ष दिले तर त्या देशाचे वर्षाला सुमारे ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा समितीचा अंदाज होता. वाचणाऱ्यांना धक्का बसला, कारण एवढी मोठी गळती कुणाच्याच वहीत नव्हती. ती प्रत्येक कारखान्यात कणाकणाने होत होती. मला या आकड्यापेक्षा त्यामागची गोष्ट महत्त्वाची वाटते: झीज दिसत नाही ती लहान असते म्हणून नव्हे, ती सावकाश असते म्हणून.

तीस वर्षे ट्रॅक्टर चालवणाऱ्या थोरल्यांना खेळ जाणवला नाही आणि वर्षातून दोनदा येणाऱ्या धाकट्यांना पहिल्या वळणावर जाणवला, याचे कारणही हेच. रोज केसाइतका खेळ वाढला, की हातही रोज केसाइतके जास्त वळायला शिकतात. चालवणाऱ्याचा हात यंत्राची उणीव भरून काढतो आणि त्याची त्यालाच खबर नसते. पुढे एक अवस्था अशी येते, की खेळ वाढल्यामुळे सांध्यात आदळआपट सुरू होते, आणि आदळआपटीने खेळ वाढतो. मग झीज सावकाश राहत नाही. सावकाराच्या व्याजासारखी झिजेवर झीज चढते. माणसांचे असेच होते. रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. सासरहून आलेल्या मुलीचे मनगट आई पहिल्या क्षणाला ओळखते, ते ती सहा महिन्यांनी पाहते म्हणूनही. आणि झिजणारा स्वतः सांगत नाही. जो खरोखर समजूतदार असतो त्याला आपले दुखणे सांगणे हीच लाज वाटते. तेव्हा पाहण्याचे काम उरते ते इतरांकडे. तपासणी म्हणजे हिशेब नव्हे. ते लक्ष आहे. प्रेमाला हिशेबाचे वावडे असेल, लक्षाचे असण्याचे कारण नाही.

ही गोष्ट एका घरापुरती नाही. गोंदियाकडच्या बांध्यांत ट्रॅक्टर आला आणि बैलांचा चिखलातला भार उतरला. रोवणी मात्र बहुतेक ठिकाणी अजून हातानेच होते, आणि ती बायका करतात. पावसात, कमरेतून वाकून, चिखलात मागे मागे सरकत, दिवसच्या दिवस. ज्या बांधीत यंत्र दोन तास फिरते, त्याच बांधीत त्या नंतर सबंध दिवस वाकलेल्या असतात. यंत्र बांधीबाहेर आले की शहाणा शेतकरी त्याचे सांधे धुतो, निप्पलला ग्रीस गन लावतो, आणि कडेने स्वच्छ ग्रीस दिसू लागेपर्यंत जुना गाळ बाहेर ढकलतो. रोवणीहून परतलेल्या बाईसाठी घरी चूल वाट पाहत असते. यंत्राची काळजी घेऊ नका, असे मी म्हणणार नाही; ती घेतलीच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच, की यंत्राला आपण जो न्याय लावायला शिकलो, तो माणसाला लावायला पोथी शोधावी लागू नये.

उलट, माणसाला आपण बहुधा मिस्त्रीने पुसून काढलेले ते जाड ग्रीस देतो. वर्षातून एक दिवस सत्कार, एक दिवस साडी, एक दिवस 'तुमच्यावाचून या घराचे पान हलत नाही' असे चार शब्द. त्याने खडखड दोन दिवस झोपते. स्तुती वाईट नाही. पण वंगणाचे खरे काम आतला गाळ बाहेर ढकलणे हे आहे, नुसती वरून चकाकी आणणे हे नाही. ज्या स्तुतीने भार तसूभर हलत नाही, ती झाकणाचे काम करते.

आपल्या पूर्वजांना हे कळत नव्हते असे नाही. नाहीतर दिवाळीसारख्या सणाची सुरुवात तेलाने झाली नसती. वर्षभराच्या कामाने आखडलेल्या शरीराला थंडीच्या तोंडावर दुसऱ्याच्या हाताने तेल चोळायचे, हा वंगणाचाच सण आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे मुलांना तेल लागते, पाडव्याला घरच्या धन्याला लागते. बहुतेक सगळ्यांची अंगे त्या दोन-तीन दिवसांत तेलाने भिजतात. कोरडी राहते ती एकच पाठ: जिच्या हातात तेलाची वाटी असते तिची. ती सगळ्यांच्या आधी उठलेली असते आणि सगळ्यांच्या शेवटी, पाणी निवत आल्यावर, दोन तांबे अंगावर घेऊन चुलीकडे जाते. स्वतःच्या पाठीला स्वतःचा हात पोचत नाही; देहाची रचनाच तशी आहे. तिथे दुसऱ्या कुणाचा तरी हात लागतो.

या दिवाळीत ती वाटी घरातल्या दुसऱ्या कुणी हातात घ्यायला हरकत नाही. तेल चोळताना हाताला पुष्कळ कळते: कुठे हाड वर आले आहे, कुठे बोट लागताच माणूस आखडते, कुठला सांधा कधीपासून बोलत नाही. कळले, की 'दिवाळी झाल्यावर पाहू' हे उत्तर मिळेल. ते स्वीकारायचे की नाही, हे आपल्या हातात असते. चंदनाची उपमा त्यानंतर द्यावीशी वाटली, तर खुशाल द्यावी.